गंज लावून मिळेल

पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९६३ साली न्यूयॉर्कमधलं आपलं भव्य स्टेशन पाडायला घेतलं, १९६८ मध्ये हाडवैरी न्यूयॉर्क सेंट्रलशी संसार थाटला आणि १९७० मध्ये या जोडप्याने दिवाळं काढलं. आता तीच कंपनी ट्रेन सिम्युलेटरमध्ये सुखाने नांदते. तिथे प्रवाशांवाचून काही अडत नाही ना!

खरे प्रवासी १९५०च्या दशकातच मोटारी घेऊन पसार झाले. त्यांचे नातू आज पदरचे पैसे मोजून, बिनपगारी, रात्री दोनपर्यंत अल्टूनाजवळच्या हॉर्सशू कर्व्हवर मालगाडी चढवत बसतात. डबे रिकामे आहेत याची कुणाला फिकीर नाही. जीजी-१ इंजिनाचा गडद हिरवा रंग पुरेसा काळपट नाही, यावर मात्र मैत्र्या तुटतात. त्यातून विजेच्या तारा हॅरिसबर्गपर्यंतच होत्या. त्यापलीकडे हे विजेचं इंजिन दिसलं की नवख्याची धडगत नाही.

डिझायनर रेमंड लोवीने या इंजिनाचे रिव्हेट घालवून वेल्डिंगने अंग गुळगुळीत करायला लावलं. आमचे भक्त पहिल्या नमुन्याच्या, ४८०० नंबरच्या अंगावरचे रिव्हेट मोजून बसवतात. मग गंज! कंपनीने मजूर लावून घासून काढला असता, तो हे लोक रविवार खर्ची घालून हौसेने चढवतात: खिडकीखाली तांबूस ओघळ, छपरावर काजळी, पाच सोनेरी पट्ट्यांवर बेताची धूळ.

सगळं हुबेहूब हवं. फक्त कर्जाचे हप्ते, संप आणि भागधारकांची सभा यांचं ॲड-ऑन कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.