कडीसाठी विलायत

पणजोबांचं रिव्हॉल्वर दुरुस्तीला थेट कंपनीत पाठवायचं, असं दादासाहेबांनी ठरवलं आहे. दादासाहेब म्हणजे कोण, हे सांगत बसत नाही. प्रत्येक तालुक्याला असा एक दिलेला असतो. वाड्यापेक्षा वाड्याचा दावा जुना, आणि बारशाला जाताना सुद्धा कमरेला पट्टा.

कंपनी बर्मिंगहॅमची. पत्ता मिळाला रिव्हॉल्वरच्या लाकडी पेटीत. झाकणाच्या आतल्या बाजूला कारखानदाराचं छापील लेबल आहे, कसरीने अर्धं खाल्लेलं. जो अर्धा पत्ता शिल्लक होता त्यावर रजिस्टर पत्र गेलं. त्या गल्लीत आता रिव्हॉल्वरं होतात की बिर्याणी मिळते, याची चौकशी करायची गरज दादासाहेबांना वाटली नाही. "कंपनी कुठे जातेय?" असं ते म्हणाले. साम्राज्य गेलं, पण कंपनी कुठे जातेय!

आता बिघाड ऐका. चाप ओढला की घोडा पडतो. सिलिंडर फिरतं, थोडं चिकट फिरतं एवढंच, कारण दर दसऱ्याला काकू कुंकवाचं ओलं बोट नेमकं त्याच फटीत टेकवतात आणि वर्षानुवर्षांचा तो लगदा आत वाळून बसला आहे. पण तक्रार ती नाहीच. तक्रार कडीची आहे. या जुन्या लष्करी घाटाच्या रिव्हॉल्वरांना मुठीच्या बुडाशी एक लोखंडी कडी असते. घोड्यावरचा साहेब तिच्यात दोरी ओवून ती गळ्यात अडकवायचा, म्हणजे दौडीत हत्यार हातून सुटलं तरी चिखलात न पडता लोंबकळत राहायचं. ती कडी गेली. दादासाहेब आयुष्यात एकदाच घोड्यावर बसले, स्वतःच्या लग्नात, आणि तेव्हा दोरी घोड्याला होती, ती धरून दोन माणसं चालत होती. तरीही कडी पाहिजे. ओरिजिनल पाहिजे.

कडी गेली कशी, यावर दोन मतं आहेत. दादासाहेबांचं मत असं, की आचारसंहिता लागली, हत्यार ठाण्यात जमा केलं, तेव्हा कडी होती. निकाल लागला, हत्यार परत आलं, तेव्हा नव्हती. ठाण्याचं मत पावतीवर आहे: "रिव्हॉल्वर नग एक." कडीला रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते जमा झालेलं नाही, आणि जे जमा झालेलं नाही ते हरवेल कसं? यावर दादासाहेब निरुत्तर झाले, आणि निरुत्तर झालेला माणूस आपल्याकडे विलायतेला पत्र लिहितो.

मला मात्र त्या कडीपायी झोप येईना, म्हणून 1959 चा शस्त्र अधिनियम काढून बसलो. त्यात शस्त्राच्या व्याख्येतच शस्त्राचे भागही धरलेले आहेत. म्हणजे व्याख्या शब्दशः घेतली तर कडी हेही शस्त्रच. आता ही कडी ज्याला सापडली असेल तो या क्षणी विनापरवाना शस्त्र बाळगून हिंडतो आहे. कुणा शिपायाने तिच्यात सायकलची किल्ली अडकवली असेल, कुणाच्या पोराने ती भोवऱ्याच्या जाळीला बांधली असेल, कुणा आजीने कोंबडीच्या पायात खूण म्हणून घातली असेल, तर ती कोंबडी सशस्त्र आहे. पुढच्या आचारसंहितेत ती कोंबडी जमा करावी लागेल, आणि निकालानंतर परत येईल याची खात्री कडीपेक्षाही कमी. शिवाय 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. दादासाहेबांकडे बारा बोरची बंदूक आहे, रिव्हॉल्वर आहे, आणि कडी वेगळी मिळाली तर हे तिसरं हत्यार. ते कुठे सरेंडर करायचं, कुठल्या अर्जावर, पासपोर्ट साईज फोटो कुणाचा, दादासाहेबांचा की कडीचा? मालकाच्या लेखी अधिकारपत्रावर गडीसुद्धा हत्यार दुरुस्तीला नेऊ शकतो, कायदा तेवढा उदार आहे. पण दुरुस्त करणाऱ्याकडे दुरुस्तीचं लायसन्स हवं. समुद्रापार धाडायचं तर निर्यातीचं लायसन्स. परत येताना ती आयात, आणि खासगी माणसाच्या हत्यार-आयातीचं दार आपल्याकडे जवळजवळ बंदच आहे. म्हणजे कडी लावायला गेलेलं रिव्हॉल्वर कडीसकट तिकडेच राहणार.

आणि तिकडे तरी कोण ठेवून घेणार? साहेबाने 1878 साली कायदा करून इथल्या माणसाचं हत्यार काढून घेतलं आणि मर्जीतल्यांना लायसन्स वाटलं. पणजोबा त्या मर्जीतले. पुढे 1996 मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने सोळा मुलांना आणि त्यांच्या बाईंना गोळ्या घालून मारलं, आणि 1997 मध्ये त्याच साहेबाने मोजके अपवाद सोडून आपल्या नागरिकांची पिस्तुलं कायद्याने काढून घेतली. त्यांनी टाकलं. आम्ही त्याची कडी शोधतोय.

हेही हसून सोडलं असतं. पण परवा याच वाड्यातून एक मिक्सर भंगारात गेला. तीन वर्षांचा. बिघाड काय, तर कपलर झिजला. रबराची एक चकती. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. वाड्याने मान डोलावून नवा घेतला. कुणी पत्र लिहिलं नाही, कुणी ओरिजिनल मागितलं नाही. आम्हा सगळ्यांचंच हे झालं आहे. बॅटरी चिकटवून टाकलेला फोन, हात लावला तर वॉरंटी जाईल म्हणून धमकावणारा पंखा, आणि काउंटरवर मान न वर करता "येत नाही" म्हणणारा तो माणूस. विकताना घरी चार वेळा फोन करणारी कंपनी चकतीसाठी ओळख दाखवत नाही, आणि आम्ही निमूट पैसे मोजतो! शंभर वर्षांपूर्वीच्या कारखान्यावर विश्वास, तीन वर्षांपूर्वीच्याबद्दल ब्र नाही. बरं, तालुक्याच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलेलं कुठलंही पोर अशी कडी अर्ध्या तासात घडवून देईल, पण त्याला हातात हातोडी घेण्याआधी लायसन्स लागेल. आणि लायसन्स असतं तरी दादासाहेबांनी त्याला हात लावू दिला नसता. "आपल्याकडे ती फिनिशिंग नाही," असं ते म्हणतात. हे वाक्य त्यांनी, फिनिशिंग नसलेल्या अशाच एका पोराने दुरुस्त केलेल्या पंपाचं पाणी पिऊन म्हटलं.

अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमात एक पळवाट आहे. जुन्या घाटाचं किंवा पुराण वस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार, दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून चालणारच नसेल, तर त्याला हा कायदा लागू नाही. ठाणं नाही, पावती नाही, आचारसंहिता नाही. आतलं सगळं कायमचं निकामी करून रीतसर कागद करा, भिंतीला टांगा, आणि कडीच्या जागी हवं तर काकूंच्या हिरव्या बांगडीचा तुकडा बसवा. मी हे दादासाहेबांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ विचार करत होते.

"म्हणजे लायसन्स जाणार?"

"हो. लागणारच नाही."

"मग पट्टा कशाला घालायचा?"

बर्मिंगहॅमला दुसरं, स्मरणपत्र गेलं आहे. सोबत कडीच्या जागेचा फोटो जोडला आहे.