साबणाखालचा अंधार

दिव्याखाली अंधार असतो हे शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे. साबणाखाली काय असतं, हे विचाराल तर घरातला एकही माणूस छातीठोक सांगणार नाही. साबण रोज उचलला जातो, अंगाला लागतो, परत ठेवला जातो. पण उचलल्यावर खाली बघायचं नाही, असा एक अलिखित करार प्रत्येक कुटुंबात झालेला असतो.

बाथरूमची फरशी धुतली जाते, बेसिन घासलं जातं, आरसा पुसला जातो. साबणदाणी या कशातच मोडत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फरशी घासण्याआधी साबणदाणी अलगद उचलून खिडकीत ठेवतात, फरशी लख्ख करतात, आणि साबणदाणी जशी होती तशी तितक्याच अलगद जागेवर आणून ठेवतात. एकदा मी भीत भीत विषय काढला. त्या म्हणाल्या, "अहो ताई, त्यात दिवसभर साबणच असतोय की. साबणाला काय साबण लावायचा?"

घरातल्या बाकी मंडळींनी हा मुद्दा तत्काळ उचलून धरला. एरवी आमच्यात भाजी कोणती करायची यावरही एकमत होत नाही.

तर साबण उचलून मी पाहिलं ते सांगते. जेवणाची वेळ असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

वर जाळी, खाली तबकडी, अशी दुमजली साबणदाणी. वरच्या मजल्यावर साबणाचा लगदा, तूप सोडून चार दिवस झालेल्या शिऱ्यासारखा, आणि त्यात गोल वेटोळं घालून बसलेला एक लांब केस. जाळीची निम्मी भोकं पांढऱ्या थराने बुजलेली. खालच्या मजल्यावर दुधट पाणी साचलेलं, आणि त्याच्या कडेकडेने एक बारीक गुलाबी रेघ. ही रेघ साबणाच्या रंगाची आहे असं आमच्या चिरंजीवांचं मत पडलं. आमचा साबण हिरवा आहे.

या गुलाबी पाहुण्याचं नाव बहुतेक वेळा 'सेराशिया मार्सेसेन्स' असतं. हा जिवाणू आहे. थोडी ओल आणि साबणाचा चिकट अंश एवढ्या भांडवलावर तो संसार थाटतो. धडधाकट माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही. पण ज्या वस्तूच्या भरवशावर आपण स्वच्छ होतो, तिच्या तळघरात कोणी बिनभाड्याने राहावं, हे काही बरं नाही.

पांढऱ्या थराची कथा वेगळी आहे आणि ती थेट पाणीपुरवठ्यापर्यंत जाते. आम्ही पुण्याच्या त्या टोकाला राहतो जिथे नळाला येतं ते बोअरचं किंवा टँकरचं पाणी. खडकातून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचा सोडियमशी झालेला संयोग. जड पाण्यातलं कॅल्शियम या जोडीत घुसून सोडियमला हुसकावतं, आणि जे नवं लग्न लागतं ते पाण्यात विरघळत नाही. तोच हा थर. बादलीच्या आतल्या कडेला आणि नळाच्या तोंडाशीही त्याचेच भाऊबंद बसलेले असतात.

आमच्या सासूबाई सदाशिव पेठेत राहतात. त्यांना खडकवासल्याचं हलकं पाणी मिळतं. त्यामुळे त्यांच्या साबणदाणीवर थर धरत नाही. याचं श्रेय अर्थातच धरणाचं. सासूबाई ते वळणाला देतात.

आता गंमत बघा. जड पाण्यात साबणदाणी साबणाने घासली, तर थर जाण्याऐवजी त्यात भरच पडते. म्हणजे मावशींचं म्हणणं रसायनशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड होतं! हे मी घरात कोणालाही सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही आमच्याकडे आलात तर सांगू नका.

उपाय आंबट आहे. तांब्याभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबाचं फूल, नाहीतर सरळ पांढरं व्हिनेगर, त्यात साबणदाणी अर्धा तास बुडवून ठेवायची आणि निवृत्त टूथब्रशने जाळीची भोकं मोकळी करायची. लिंबाचं फूल किराणा दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतं, ढोकळ्यालाही चालतं. गुलाबी रेघ पुन्हा पुन्हा येत असेल तर पातळ ब्लीच. पण ते वेगळ्या दिवशी. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि साबणदाणीपायी दवाखाना गाठणं शोभत नाही.

साबणाचाही यात हात असतो. वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरात टीएफएम, म्हणजे मेदाचं प्रमाण, लिहिलेलं असतं. पहिल्या प्रतीच्या साबणाला ते किमान ७६ टक्के लागतं. 'बेदिंग बार' म्हणून जे विकलं जातं त्याला ४० टक्केही पुरतं. मेद कमी असलेली वडी बऱ्याचदा लवकर गळते. ग्लिसरीनवाले पारदर्शक साबण तर हवेतली ओलसुद्धा ओढून घेतात. श्रावणात त्यांना साबणदाणीत ठेवणं म्हणजे निरोप देणंच. आणि दिवाळीतल्या मोती साबणाचं काय करायचं हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. अभ्यंगस्नानाच्या पहाटे तो उटण्याच्या वाटीशेजारी ऐटीत असतो. भाऊबीज झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, की हा गोल गरगरीत गृहस्थ लंबचौकोनी साबणदाणीत काठावर तिरका बसतो आणि नरक चतुर्दशीची आठवण काढत डिसेंबरपर्यंत घरंगळत राहतो.

साबणदाण्या बनवणाऱ्यांनी मात्र कधी आंघोळ केली आहे का, अशी शंका मला येते. टाइल्समध्ये कायमची बसवलेली चिनी मातीची साबणदाणी बघा: पाणी जायला वाट नाही, काढून उलटी करायची सोय नाही. भिंतीला चोखून धरणारी रबरी साबणदाणी रात्री दोनलाच पडते. हंसाच्या आकाराची एक आम्हाला वास्तुशांतीत आली होती; तिच्या पंखांच्या सांध्यांत काय साठतं ते लिहीत नाही.

याउलट कोकणात माझ्या आत्याच्या न्हाणीघरात साबणाखाली वाळलेल्या घोसाळ्याची चकती असते. पाणी जाळीतून निथळतं, वडी खडखडीत राहते, आणि चकती मऊ पडली की आत्या ती माडाच्या आळ्यात टाकून परसातलं दुसरं घोसाळं कापते. धुणं नाही, घासणं नाही. आमच्या गॅलरीत मी वेल लावला होता. त्यावरची घोसाळी वाळेपर्यंत घरच्यांना दम निघाला नाही, त्यांची भजी झाली.

तेव्हा शहरातल्यांनी निदान एवढं करावं. साबणदाणी घ्यायला जाल तेव्हा रंग, फुलं, हंस काही बघू नका. सरळ उलटी करा. खाली भोक नसेल तर दुकानदाराला परत द्या आणि सांगा, वाट्या घरात आहेत.