कॉट नंबर सातच्या मालकांस

मालक, सदाशिव पेठ, पुणे यांस,


दोन खोल्यांत आठ लोखंडी कॉट बसवणं सोपं काम नव्हे, हे आधीच कबूल करतो. दार अर्धंच उघडतं, कारण त्याच्यामागं आठवी कॉट आहे. प्रत्येक कॉटला ऑइलपेंटनं नंबर. आमचं पोरगं सातवर. खाली पत्र्याची पेटी, वर पोरगं, उशाशी भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा. त्यात आमचं गाव देवणी शोधलं, तर कर्नाटकाच्या हद्दीजवळ तेवढा ओलीनं पापुद्रा निघालेला. असो, तालुका लहान आहे.

पोराला भेटायला आलो तेव्हा दोन कॉटमधल्या बोळात एक रात्र पाठ टेकली. सकाळी तुमचा माणूस गेस्टचे दोनशे रुपये घेऊन गेला. पंखा दुसऱ्या खोलीत होता, त्याचे मात्र काही लावले नाहीत. मोठं मन लागतं.

तुमचे नियमही पाठ झाले. पाणी सहा ते साडेसात, लाईटबिल वेगळं, खोली सोडायची तर महिनाभर आधी सांगायचं आणि जाताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे. त्या भिंतींना ब्रश लागलेला कुणाला आठवत नाही, पण रंगाचे पैसे जो तो देऊन गेलाय. एवढ्या रंगात शनिवारवाडा आतून-बाहेरून निघाला असता.

आता हिशोब. कॉटचे महिन्याला ३,५००. आठ कॉटचे २८,०००. सरकारनं २०२४-२५ साठी सोयाबीनला क्विंटलमागं ४,८९२ रुपये हमीभाव बांधला होता. आडतीवर त्याहून कितीतरी खाली गेलं. म्हणजे आमचं जवळपास एक क्विंटल सोयाबीन दर महिन्याला तुमच्या कॉटवर येऊन झोपतं. मेस, अभ्यासिका आणि फॉर्म भरायचे पैसे ह्याच्या वर.

तरी माझी तक्रार भाड्याची नाही. पुणं आहे, महाग असणारच. तक्रार चिठोऱ्याची आहे. हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात आमचे हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात. लबाड जात, मी त्यांचं कौतुक करणार नाही. पण देवणी बैल विकला गेला की पावती फाटते. त्यातला वानेरा जातीचा आहे का बालंक्या, हेसुद्धा चार माणसांना माहीत असतं. तुमच्याकडं दर महिन्याला आठ पोरांचा व्यवहार होतो आणि कागद एकही नाही. भाडं रोख, डिपॉझिट रोख, पावती मागितली की ‘विश्वास नाही का?’ आहे ना. तुमचा मात्र आमच्यावर बसेना, म्हणून डिपॉझिट आधी घेता.

पोरगं स्पर्धा परीक्षेसाठी कायदे वाचतं, त्यानंच मला सांगितलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि तो नोंदवायची जबाबदारी घर देणाऱ्याची. नाही नोंदवला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाद झालाच तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरायच्या. आमच्या पोरानं हे कलम तुमच्याच कॉटवर झोपून पाठ केलंय. गंमत आहे की नाही?

कागद नसण्याचा फटका तुमच्या लक्षात यायचा नाही. सहा नंबरवरचं लेकरू कॉलेजात आहे, सरकारच्या स्वाधार योजनेत बसतं. पुण्यासाठी त्यात वर्षाला ६०,००० मिळतात, पैकी निवासाचे २०,०००. तुमची कॉट वर्षाला ४२,००० खाते, तो भाग वेगळा. पण राहण्याचा पुरावा मागितला की ते कुणाचं नाव सांगणार? तुमच्या लेखी तर ते तिथं राहतच नाही. कराचं म्हणाल, तर जीएसटी परिषदेनं जून २०२४ मध्ये माणशी महिना २०,००० पर्यंतच्या वसतिगृहाच्या भाड्याला कर माफ केला, सलग ९० दिवस राहण्याच्या अटीवर. तुम्हाला ह्या माफीचीही गरज पडली नसेल. वहीत पोरंच नाहीत, तर कर कशाचा!

तुमच्याच गावात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती काढली आणि खेड्यातल्या गरीब पोरांची राहण्या-जेवणाची सोय केली. त्याच्याही आधी, १९०१ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा बोर्डिंग सुरू केलं. दोघांनाही रंगाचे पैसे कापायची युक्ती सुचली नाही. बिचारे.

तेव्हा विनंती एवढीच. भाडेकरार हल्ली ऑनलाइन नोंदता येतो. आधार आणि अंगठा पुरे. आठ करार करा, आठ पावत्या फाडा. नोंदणीचा खर्च पोरं वाटून घेतील, मी विचारलंय. आणि सगळा कागद झाला की गेस्टच्या दोनशेची पावती देवणीच्या पत्त्यावर पाठवा. फ्रेम करून ओसरीत लावतो.

आपला,
कॉट नं. ७ चा बाप
मु. पो. देवणी, जि. लातूर

ता. क. पोरगं म्हणालं, ‘बाबा, काहीही लिहा, पण त्यांचं नाव घालू नका. डिपॉझिट अजून त्यांच्याकडंच आहे.’ म्हणून घातलं नाही.