उडीकरांच्या शंका

दुबईत घर असलेल्या मराठी माणसाकडे पूर्वी पाहुणे यायचे ते सोन्याच्या बाजारासाठी आणि शॉपिंग फेस्टिव्हलसाठी. आता उडीसाठी येतात. याचं मूळ 2011 साली आलेल्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' या सिनेमात आहे, असं माझं मत आहे. तीन मित्र स्पेनला जातात, त्यातल्या एकाला उंचीची धास्ती, पण तोही शेवटी विमानातून उडी टाकतो. पुण्या-ठाण्याच्या थिएटरांत तेव्हा जे पस्तिशीचे होते, त्यांनी त्या अंधारातच ठरवलं, की आपणही एकदा. मग घराचे हप्ते आले, मुलीचं इंजिनिअरिंग आलं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं. आता हप्ते फिटलेत, मुलगी जर्मनीत आहे, साखर काठावर आहे आणि पन्नाशी दारात उभी आहे. माणूस उडीचं बुकिंग करतो ते नेमकं या मुहूर्तावर.

अशा प्रत्येकाला मी मनातल्या मनात 'उडीकर' म्हणतो. खरी आडनावं निरनिराळी असतात, पण मेतकुटाची पुडी हातात देऊन सोफ्यावर टेकेपर्यंत सगळे एकसारखे दिसायला लागतात. तेव्हा इथे लिहितोय ते माझ्याकडे उतरलेल्या सगळ्या उडीकरांचं मिळून एकच चित्र समजा.

उडीकर घाबरत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ते स्वतःही पहिल्या फोनमध्ये तेच सांगतात. "भीती वगैरे काही नाही रे, फक्त दोन-तीन शंका आहेत." बुकिंगच्या रात्रीच या शंका सुरू होतात आणि नोव्हेंबरात ते विमानतळावर उतरेपर्यंत मला त्या पुरतात. पहिली शंका नेहमी हवेची. समुद्रावरून वारा आला तर माणूस कुठे जातो? मग विम्याची. एजंटाला गाठून त्यांनी पॉलिसी उघडून पाहिलेली असते आणि अपघात विम्यात साहसी खेळ सहसा वगळलेले असतात, हे ज्ञान त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच झालेलं असतं. मग पैशांची. दोन हजारांवर दिरहमला चालू भावाने गुणून ते मला रुपयांतला आकडा ऐकवतात आणि विचारतात, "आणि आयत्या वेळी नाही मारली, तर यातले किती परत?"

यानंतर अभ्यास सुरू होतो. मराठी माणूस परीक्षेला बसणार म्हटल्यावर वर्षभर गाइड वाचतो, तसा उडीकरांनी हा विषय वाचून काढलेला असतो. ही उडी 'टँडम', म्हणजे प्रशिक्षकाच्या छातीला आपली पाठ बांधून मारायची, हे ते मला फोनवरून शिकवतात. 13,000 फुटांवरून निघायचं. साधारण एक मिनिट नुसतं पडायचं, ताशी 200 किलोमीटरच्या आसपास वेगाने. दोन माणसांचं वजन एकत्र असल्यामुळे याहून जास्त वेग येऊ नये म्हणून मागे एक चिमुकलं पॅराशूट आधीच सोडलेलं असतं. मोठं उघडतं ते पाच-सहा हजार फुटांवर. ते नाहीच उघडलं तर राखीव असतं. आणि प्रशिक्षक बेशुद्ध पडला, तरी उंची आणि वेग मोजत बसलेलं एक छोटं यंत्र ते राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. इथपर्यंत मला वाटतं, की झालं, आता माणसाचं समाधान होणार. पण पलीकडून आवाज येतो, "त्या यंत्राचा सेल कधी बदलतात, जरा विचारून ठेवशील का?"

आकडेवारीचं तर विचारूच नका. 2023 साली अमेरिकेत सुमारे 36 लाख उड्या झाल्या आणि त्यांत 10 माणसं दगावली. हे वाचून सामान्य माणूस निश्चिंत होईल. उडीकरांचं मन त्या 36 लाखांवर ठरत नाही, ते थेट त्या दहा जणांच्या घरी जाऊन बसतं. कोण होते? वय काय? पन्नाशीचे किती? सुदैवाने यातले बरेच अपघात अनुभवी, एकट्याने उड्या मारणाऱ्यांचे असतात. पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असतं आणि जमिनीजवळ नको ती कसरत करायला जाऊन माणूस आपटतो. टँडममध्ये हे प्रमाण फारच कमी. हे कळल्यावर उडीकरांना प्रथमच आपल्याला काहीही येत नसल्याचा अभिमान वाटतो.

पुढचा टप्पा दाखल्यांचा. अमेरिकेचे थोरले जॉर्ज बुश 2014 साली नव्वदाव्या वाढदिवसाला उडी मारून सुखरूप उतरले. बांगलादेश युद्धात 11 डिसेंबर 1971ला टांगाईलवर पॅराशूटने उतरलेली दुसरी पॅरा बटालियन, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी. "आपल्या रक्तातच आहे ते," असं उडीकर म्हणतात. ते जवान पाठीला कुणी बांधलेलं नसताना उतरले होते आणि खाली शत्रू होता. आपण उतरतो तिथे खाली ज्यूसचा स्टॉल आहे, हे मी बोलून दाखवत नाही. पुण्याच्या उडीकरांकडे शिवाय एक हुकमी नाव असतं, शीतल महाजन. पद्मश्री. आयुष्यातली पहिलीच उडी 2004 साली थेट उत्तर ध्रुवावर. आणि 2018 साली थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून.

दुबईत उतरल्यावर आमच्या घरी हे चालू असताना उडीकरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्या बायकोबरोबर मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"नऊवारी? आणि त्या वाऱ्यात काष्टा कसा राहिला?"

माझ्या ऐकण्यात या विषयावर आलेला हा पहिला मुद्द्याचा प्रश्न. उडीकरांना उत्तर ठाऊक नव्हतं. "तांत्रिक बाब आहे ती," म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आदल्या रात्री उडीकर जेवत नाहीत. "पोट हलकं असलेलं बरं." वास्तविक तसं कुणी सांगितलेलं नसतं. मग सहज आठवल्यासारखं करून ते वहिनींना एफडीच्या पावत्या कुठल्या कपाटात आहेत ते सांगतात. वहिनी म्हणतात, "अहो, त्या मीच ठेवल्यात." मग लॉकरची किल्ली. तीही वहिनींकडेच. आपल्यामागे या बाईचं काहीच अडणार नाही, हे कळल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी गॅलरीतून पाहिलं आणि बघायला नको होतं असं वाटलं. बाराच्या सुमाराला ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. झोप येत नव्हती असं नाही, फक्त एक संशोधन सांगायचं राहिलं होतं. साठच्या दशकात अमेरिकेत एपस्टाइन आणि फेन्झ या दोघा मानसशास्त्रज्ञांनी उड्या मारणाऱ्यांची भीती मोजली. नवख्यांची भीती चढत चढत जाते ती ऐन उडीच्या तोंडाशी कळसाला पोचते. मुरलेल्यांची सकाळीच काय ती वर जाते आणि विमानात उतरलेली असते.

"मग?" मी विचारलं.

"मला आत्ताच वाटतेय. म्हणजे शास्त्राप्रमाणे मी मुरलेल्यात जमा होतो."

सकाळी पाम जुमेराच्या, म्हणजे झाडाच्या आकाराच्या त्या कृत्रिम बेटाच्या, शेजारच्या धावपट्टीवर आम्ही वेळेच्या तासभर आधी हजर. पहिली गोष्ट म्हणजे वजनाचा काटा. उडीकरांनी घड्याळ काढलं, पट्टा काढला, पाकीट वहिनींकडे दिलं, वाचायचा चष्माही दिला. मग संमतिपत्र आलं आणि चष्मा परत मागवला. पानापानावर सही करायची असते आणि मजकुराचा मथितार्थ एवढाच, की तुम्ही मेलात तर तो तुमचा प्रश्न. आमच्या पुढची रशियन मुलगी अर्ध्या मिनिटात सह्या ठोकून मोकळी झाली. सोसायटीचे उपविधी कोळून प्यायलेल्या आमच्या माणसाने प्रत्येक कलम वाचलं, दोन ठिकाणी मान डोलावली, एका ठिकाणी "हं" म्हणाले आणि शेवटी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "याची झेरॉक्स मिळेल?"

आतल्या हॉलमध्ये जमिनीवर पॅराशूटं पसरून मुलं त्यांच्या घड्या घालत होती. ही पाहण्यासारखी गोष्ट आहे. एवढा मोठा कापडाचा पसारा, पण गुडघ्याने हवा काढत काढत दप्तराएवढ्या पिशवीत गडप होतो. राखीव पॅराशूट मात्र असं कुणीही भरत नाही, त्यासाठी वेगळा परवानाधारक माणूस लागतो. उडीकर तिथे हात मागे बांधून इतका वेळ उभे राहिले, की त्यातल्या एकाला ते तपासनीस वाटले आणि त्याने घातलेली घडी उलगडून पुन्हा घातली. सबंध सकाळीत त्यांच्या शंकेचा झालेला प्रत्यक्ष परिणाम म्हणाल तर हा.

मग प्रशिक्षक आला. पंचविशी-तिशीचा, दंडभर गोंदलेला, हसरा. त्याने कमरेतून मागे वाकून केळ्याचा आकार करून दाखवला, बाहेर पडताना पाय विमानाच्या पोटाखाली दुमडायचे, डोकं मागे त्याच्या खांद्यावर टाकायचं, हात हार्नेसवर, उतरताना पाय वर उचलायचे. एवढंच शिक्षण. पाच मिनिटांत संपलं. वर्षभर तयारी केलेल्या माणसाचा यात अपमान आहे, हे उडीकरांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"तुमच्या किती उड्या झाल्या?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"सहा हजारांच्या वर."

"आणि आज?"

"तुमची पाचवी."

उडीकर माझ्याकडे वळले. "दमला असेल रे." आजची पहिलीच म्हणाला असता, तर अजून हात बसला नसेल, असं म्हणाले असते. तेवढ्यात त्यांनी खिशातून कानटोपी काढली. दर हजार फुटांना साधारण दोन अंश या हिशोबाने वर पंचवीसेक अंशांनी थंड असणार, हे गणित त्यांनी कोथरूडमध्येच करून ठेवलं होतं. गणित बरोबर होतं. तरीही त्या मुलाने कानटोपी अतिशय आदराने काढून घेतली आणि वहिनींच्या हातात दिली.

पुढचं मला कळलं ते व्हिडिओवरून. ट्विन ऑटर विमानात माणसं बाकांवर एकमेकांना खेटून बसलेली. प्रशिक्षक मागून चार आकडे अडकवतो, दोन खांद्यांशी, दोन कमरेशी. उडीकर ते चाचपतात. परत चाचपतात. खाली समुद्र बदलत जातो, कॅमेरावाला अंगठा दाखवतो, हे कसंबसं हसतात. त्या क्षणी, सांगायचं तर, मला त्यांच्याबद्दल खरोखर आदर वाटला. टँडममध्ये दाराशी धैर्याची गरज उरलेली नसते, हे खरं. निर्णय मागच्या माणसाच्या हातात असतो आणि तुम्ही त्याच्या पोटावरचं सामान असता. पण ज्याने जन्मभर घरचे, ऑफिसचे आणि सोसायटीचे सगळे निर्णय स्वतः घेतले, रिक्षावाल्याला रस्तासुद्धा स्वतः सांगितला, त्याने असं सामान होऊन बसायचं, याला काही कमी जिगर लागत नाही.

दार उघडतं. प्रशिक्षक सरकत सरकत कडेला येतो, त्याच्याबरोबर उडीकरही येतात, कारण त्यांना दुसरा मार्ग नसतो. पाय बाहेर. वाऱ्यामुळे व्हिडिओत शब्द ऐकू येत नाहीत, पण ओठ स्वच्छ वाचता येतात. पोस्टाच्या खिडकीवर, बसच्या दारात, लग्नाच्या पंगतीत मराठी माणूस जे शेवटचं अस्त्र काढतो तेच त्यांनी काढलं.

"एक मिनिट! एक मिनिट!"

त्या बिचाऱ्याला मराठी येत नव्हतं, पण 'मिनिट' कळलं. नुसतं पडायचं असतं तेवढंच, साधारण एक मिनिट. गिऱ्हाईकाने अभ्यास केलेला दिसतोय म्हणून तो खूश झाला, त्याने बोट वर करून "येस सर, वन मिनिट!" म्हटलं आणि निघाला.

उतरले तेव्हा उडीकर सरकत सरकत बसूनच उतरले, पण उठल्या उठल्या दहा वर्षांनी तरुण दिसत होते. केस उभे, आवाज चढलेला. आल्या आल्या त्यांनी वहिनींना सांगितलं, की पोटात गोळा येतो ते सगळं खोटं, विमान आधीच वेगात असल्यामुळे गोळा येतच नाही. पाणी प्यायच्या आत ते या विषयातले अधिकारी झालेले होते. बाकावर नाशिकचा एक मुलगा हार्नेस चढवून पांढराफटक पडून बसला होता. त्याच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? फार विचार करायचा नाही बघ."

इकडे टॅबवर व्हिडिओ आला. वहिनी आणि मी शेजारी उभे राहून पाहत होतो. सबंध मिनिटभर गाल फडफडतायत, ओठ मागे गेलेत, आणि गॉगलच्या आत डोळे गच्च मिटलेले. पॅराशूट उघडल्याचा हिसका बसल्यावर एक डोळा उघडला. वहिनींनी काही म्हटलं नाही. टॅब त्या मुलीला परत दिला.

"काका, पडताना तो पाम नीट दिसतो का हो?" नाशिककर विचारत होता.

"दिसतो म्हणजे? एकेक पान मोजून घेतलं मी."

"किती आहेत हो?" वहिनींनी कानटोपीची घडी घालत विचारलं.

"मोजतच होतो," उडीकर म्हणाले, "तेवढ्यात पॅराशूट उघडलं."