सहकुटुंब, सहपरिवार, सपुस्तक

वाचन ही तशी घुम्या माणसाची गोष्ट. कोपरा धरायचा, पाय पोटाशी घ्यायचे आणि जेवायला हाक आली तरी ऐकूच न आल्यासारखं करायचं. ही गोष्ट सतरंज्या अंथरून, दीपप्रज्वलन करून, माइकवर 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणत दहाजणांत करायची ठरवणं आपल्यालाच सुचू जाणे. 15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात 2015 पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. शाळा-कचेऱ्यांमधून तो होतोच, आताशा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही उतरला आहे. फळ्यावर निमंत्रण लागतं : सहकुटुंब, सहपरिवार वाचनास यावे, आपापले पुस्तक व पाण्याची बाटली आणावी, दुचाक्या साडेपाचपूर्वी हलवाव्यात.

दुचाक्या सहाला हलतात. मग समई पेटत नाही, कारण पंखा. पंखा बंद केला की डास. हे सगळं मार्गी लागलं की पाहुणे उभे राहतात. त्यांचा विषय 'वाचनसंस्कृती लोप पावत आहे काय?' हा असतो आणि वाचनासाठी राखलेल्या तासातला पाऊण तास ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लोप पावत असते. मुलं पुस्तकात बोट घालून ताटकळतात. एखाद्या कार्टीनं चोरून पुढचं पान वाचलंच, तर आईचं कोपर बसतं, "काका बोलतायत ना? पुस्तक मीट."

पाहुण्यांचं मी एक वेळ चालवून घेईन. मला खटकतं ते वेगळंच. तिथं जमलेली मोठी माणसं वाचायला आलेली नसतात, वाचायला लावायला आलेली असतात. बाबा मुलाच्या हातात पुस्तक देतात आणि स्वतः मोबाइलमध्ये डोकं घालतात. आई वाचून दाखवते, पण दर चार ओळींनी थांबून "सांग बघू, यातून काय शिकलास?" असं विचारते. गोष्टीतला राक्षस बिचारा झाडामागं ताटकळत उभा, आणि इकडं तोंडी परीक्षा चाललेली. मुलांना असल्या गोष्टींचा वास फार लवकर येतो. सुधारणा करायला आणलंय म्हटल्यावर ती लगेच शू लागल्याचं सांगतात.

आपल्याकडं घरानं एकत्र वाचायची रीत काही नवी नाही. चातुर्मासात पोथी लागायची. श्रीधरांनी 'हरिविजय', 'पांडवप्रताप' रचले ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि रचले ते ऐकण्यासाठीच. मधूनमधून ते श्रोत्यांना हाका मारतात. पुढं कितीतरी पिढ्या एकानं वाचायचं आणि घरानं, शेजारानं ऐकायचं, हा परिपाठ चालला. त्या बैठकीतल्या सोयी बघा. ऐकता ऐकता बायका वाती वळायच्या, तांदूळ निवडायच्या. आजोबांना डुलकी काढायची पूर्ण मुभा असे. बकासुराकडं निघालेला अन्नाचा गाडा आला की ते आपोआप जागे व्हायचे. मुलं मांडीवर झोपली तरी कुणी हलवून उठवत नसे, कारण झोपेतही पुण्य लागतं, अशी सर्वांची समजूत. शब्दसंग्रह वाढावा म्हणून कुणी बसत नसे. पुण्य हवं असायचं. ते किती मिळालं देव जाणे, पण भीम, घटोत्कच आणि ओवीची चाल मात्र फुकटात घरी यायची. साने गुरुजींनी हे नेमकं हेरलं असावं. 'श्यामची आई'त प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. जेवणं आटोपली, सगळे जमले, आता श्याम सांगणार. पुस्तकाच्या बांधणीतच सतरंजी अंथरलेली आहे.

आता पुण्याची जागा विक्रमानं घेतली आहे. डिसेंबर 2023 मध्ये पुण्यात 3066 पालकांनी एकाच वेळी आपापल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवली आणि आधी चीनच्या नावावर असलेला गिनेस विक्रम मोडला. एका मैदानात तीन हजार पालक एकदम वाचताहेत म्हटल्यावर कुणाला काय ऐकू आलं असेल, ही शंका मला आली. पण लग्नाच्या मांडवातसुद्धा पोराला आपल्या आईचा आवाज बरोबर सापडतो, तेव्हा तिथंही सापडला असणार. चीनला हरवायला का होईना, तीन हजार बाबा-आयांनी गोष्टीचं पुस्तक उघडलं, हे मला आवडलं.

त्याहून आवडलं ते पाचगणीजवळचं भिलार. 4 मे 2017 ला ते 'पुस्तकांचं गाव' झालं. घरांत, लॉजमध्ये, देवळात पुस्तकांची कपाटं. कुणाच्याही पडवीत जाऊन बसावं, वाचावं, पैसे नाहीत. तिथं सहकुटुंब जाण्यात मजा अशी की सगळे स्ट्रॉबेरीसाठी आलेले असतात. आई क्रीम मागवते, बाबा फोटो काढतात, आणि काहीच करायला नसल्यामुळं एखादी मुलगी कपाटातून एक पुस्तक ओढते. तिला कुणी प्रेरणा दिलेली नसते. थोड्या वेळानं "चला, उशीर होतोय" म्हणून ओरडायची पाळी बाबांवर येते आणि ती ऐकू न आल्यासारखं करते.

आमच्या पार्किंगमध्येही यंदा थोडा अपघात घडला. भाषण संपता संपता माइक बंद पडला. मग जो तो आपल्या सतरंजीपुरता उरला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा दुसरीतल्या नातवाला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' वाचून दाखवत होते. फुरसुंगीचा हा बन्या जीभ टाळूला लावून एक खास आवाज काढतो, हे अर्ध्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. नातवाला ठाऊक नव्हतं. "म्हणजे कसा?" त्यानं विचारलं. आजोबांनी काढून दाखवायला घेतला. पहिल्या झटक्याला वरची कवळी सुटून खाली आली. ती त्यांनी हातात झेलली, धोतराच्या सोग्याला पुसली, बसवली आणि दुसऱ्यांदा आवाज असा काढला की पार्किंगच्या भिंतींवरून घुमून आला. शेजारच्या सतरंजीवरची पोरं सरकली. "आजोबा, परत!" मग बन्या सायकलवरून कुठं निघाला हे ऐकणं त्यांना भागच पडलं, कारण पुढचा आवाज कधी येणार ते गोष्टीशिवाय कळायला मार्ग नव्हता. मोबाइलमधून डोकं काढून एका बाबांनीही प्रयत्न केला. त्यांचा अगदीच फुसका निघाला. आभारप्रदर्शन कुणी ऐकलं नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीत उपक्रम यशस्वी झाल्याची नोंद झाली. पुढल्या वर्षी कौटुंबिक वाचन स्पर्धा घ्यावी, उच्चारांना दहा गुण, आशयाला दहा, असाही ठराव आला. भाषण रद्द करावं अशी माझी सूचना होती. ते पाच मिनिटांचं करावं असं ठरलं आणि वक्ते म्हणून तेच पाहुणे ठरले.

तेव्हापासून पोरं जिन्यात, गच्चीवर, विशेषतः लिफ्टमध्ये, जिथं घुमतं चांगलं, तो आवाज काढत फिरतात. आजोबाही काढतात, पण त्यांच्या वयाकडं बघून कुणी तक्रार करत नाही. शेवटी गेल्या आठवड्यात सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली : लिफ्टमध्ये कोणीही तोंडाने आवाज काढू नयेत. ती आम्ही सहकुटुंब, सहपरिवार, मोठ्यानं वाचली.