ग्रेहाउंड मार्गी लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

आपल्याकडे आठवड्यातला बराच वेळ रिकामा उरतो, अशी शंका ज्याला येत असेल त्याने ब्रिटनमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना घरे शोधून देणाऱ्या एखाद्या आश्रयसंस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवावे. शंका मंगळवारपर्यंत फिटते.

कामाला लागण्यापूर्वी इच्छुकाने थोडा इतिहास वाचावा. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमध्ये प्रथमच गोल धावपट्टीवर यांत्रिक सशामागे कुत्रे पळवण्यात आले. बेल व्ह्यू २०२० मध्ये बंद पडले, पण तिथे सुरू झालेला खेळ अजून चालू आहे. पिंजऱ्यांचे दरवाजे उघडतात आणि सहा कुत्रे सहा रंगांचे अंगरखे घालून सुटतात: तांबडा, निळा, पांढरा, काळा, नारिंगी आणि सहाव्याचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. अर्ध्या मिनिटात सगळे आटोपते. तीन-चार वर्षांचा होईपर्यंत पाय मंदावतो किंवा मोडतो आणि कुत्रा निवृत्त होतो. ग्रेहाउंडचे आयुष्य बारा-तेरा वर्षांचे धरले तर नोकरीपेक्षा निवृत्ती कितीतरी लांब, आणि पेन्शन नाही.

अगदीच नाही म्हटले तर अन्याय होईल. शर्यतींच्या नियामक मंडळाने २०२० मध्ये एक योजना काढली. मालक आणि मंडळ यांनी अर्धे-अर्धे घालून सुरुवातीला ४०० पौंड बाजूला ठेवायचे आणि कुत्रा मान्यताप्राप्त संस्थेकडे गेला की ती रक्कम संस्थेला द्यायची. नसबंदी आणि दातांचे बिल भरल्यावर त्यातले किती उरते, हा प्रश्न संस्थेच्या खजिनदाराला जेवणापूर्वी विचारू नये. शर्यतीच्या कुत्र्यांचे दात बहुधा वाईट असतात, आणि ते साफ करायचे तर पूर्ण भूल द्यावी लागते.

आता कृती. सोमवारी कुत्रा ताब्यात घ्यावा. त्याच्या कानात गोंदलेली अक्षरे सापडतील. हा त्याचा जन्मदाखला. नावे दोन असतात. एक कार्यक्रमपत्रिकेवरचे, एखाद्या सरदाराला शोभेल इतके लांबलचक. दुसरे कोठडीतले, हाक मारायचे. दुसऱ्यालाच तो ओ देतो. बरोबर नेलेला साधा पट्टा मात्र गाडीतच ठेवावा, कारण ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा जाड असते आणि असा पट्टा कानांवरून अलगद निसटतो. त्याच्यासाठी रुंद, ओढ बसली की आवळणारा मार्टिंगेल पट्टाच लागतो. ही सूचना ज्याने वाचली नाही, त्याला ग्रेहाउंड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास पळतो ही माहिती प्रत्यक्ष, आणि पाठीमागून, मिळते.

घरी आणल्यावर पाहुण्याला घर दाखवावे, कारण घर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. जन्मापासून तो कोठडीत राहिलेला, तिथे ठरलेल्या वेळी बाहेर काढलेला, बहुधा एखाद्या जोडीदाराच्या सोबतीने झोपलेला. जिना, आरसा, कपडे धुण्याचे यंत्र, टीव्हीतला माणूस, सगळेच नवे. काचेच्या दारावर कागदाची पट्टी चिकटवावी, नाहीतर तो सरळ त्यातून जाण्याचा प्रयत्न करतो. जिन्यासाठी दोन माणसे लागतात: एक पुढे खाऊ घेऊन, दुसरा मागे राहून एकेक पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवणारा. चार पाय आणि चौदा पायऱ्या यांचा गुणाकार आधी करून ठेवला तर निराशा कमी होते. ‘बस’ म्हटल्यावर तो बसला नाही तर रागावू नये. मांड्यांच्या भरदार स्नायूंमुळे पुष्कळ ग्रेहाउंडना ढुंगण टेकून बसणे जमत नाही. ते उभे राहतात किंवा आडवे होतात, मधली अवस्था त्यांना मान्य नाही.

आडवे होणे मात्र त्यांना उत्तम जमते. जगातला सर्वांत वेगवान कुत्रा दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो, हे नव्या पालकाला पटत नाही. सोफा कोणाचा, हा वाद बुधवारपर्यंत निकाली निघतो. निकालावर अपील नाही. झोपेत काहींचे डोळे उघडेच राहतात, त्यामुळे तो जागा आहे असे समजून हात लावू नये. आयुष्यभर कोणी झोपमोड न केलेला कुत्रा दचकून गुरगुरू शकतो. आधी नाव घ्यावे, मग जवळ जावे. अंगावर चरबी नाही आणि केस तोकडे, म्हणून थंडीत कोट घालावा. रस्त्यावरचे लोक हसतील, त्यांना हसू द्यावे.

बांधा पाहून मराठी माणसाला मुधोळचा कुत्रा आठवला तर ते चूक नव्हे. घोरपड्यांच्या संस्थानाचे नाव लावणारा, आपल्या खेडोपाडी कारवानी म्हणून ओळखला जाणारा तो कुत्राही असाच खपाटीच्या पोटाचा, वासापेक्षा नजरेने शिकार हेरणारा.

गुरुवार डॉक्टरचा. ग्रेहाउंडची ओळख नसलेल्या डॉक्टरला त्याचा रक्ताचा अहवाल पाहून घाम फुटतो: तांबड्या पेशी जास्त, थायरॉइड कमी. दोन्ही गोष्टी त्याच्या जातीला साजेशाच आहेत. नको असलेल्या थायरॉइडच्या गोळ्या सुरू होण्याआधी पालकाने हे नम्रपणे सांगावे. भुलीच्या काही जुन्या औषधांचा अंमल त्याच्यावर फार वेळ राहतो, हेही सांगावे, आणि हे सांगताना नम्रता थोडी कमी केली तरी चालेल. याच रक्तामुळे निवृत्त ग्रेहाउंडांचा रक्तदाते म्हणूनही उपयोग होतो.

मांजराची परीक्षा त्याच दिवशी उरकावी. कुत्र्याच्या तोंडाला जाळी, गळ्यात पट्टा, पट्टा मजबूत हातात, आणि समोर अनुभवी मांजर. कुत्र्याने तोंड फिरवले तर उत्तीर्ण. एकटक पाहत दगडासारखा थिजला तर अनुत्तीर्ण, मग तो घरी कितीही लाडात येवो. इथे दयेचे गुण देऊ नयेत.

शनिवारी स्थळे पाहायची. हा भाग मराठी वाचकाला शिकवायला नको. मुलाकडच्यांना गोरी, सडपातळ, शांत, घरातल्या मांजराशी जमवून घेणारी हवी असते. संस्थेकडे असतो काळा, सहा वर्षांचा, दोन दात कमी असलेला आणि पावसात बाहेर पडायला साफ नकार देणारा. संस्थेची माणसे घर पाहायला जातात. कुंपण पाच-सहा फूट उंच आहे का, कुत्रा दिवसात किती तास एकटा राहील, लहान मुले किती मोठी, हे खोदून विचारतात. वरपक्ष थोडा दुखावतो. दुखावू द्यावा, कारण परत आलेला कुत्रा अधिक दुखावलेला असतो. या टप्प्यावर एक धोका मात्र संभवतो: आतापर्यंत कुत्रा घरी सांभाळणारा तात्पुरता पालक शुक्रवारी रात्री कागद काढतो आणि ‘आम्हीच ठेवतो’ असे कळवतो. कुत्र्याचे भले होते, पण संस्थेची पुढच्या सोमवारसाठी मोकळी असलेली एक जागा जाते. अशा पालकाचे अभिनंदन करावे आणि त्याच दमात त्याच्याकडे दुसरा सोफा आहे का ते विचारावे.

हे झाले किरकोळ काम. घाऊक कामासाठी मकावचा अभ्यास करावा. तिथले कॅनिड्रोम हे ग्रेहाउंड-शर्यतींचे मैदान जुलै २०१८ मध्ये बंद झाले. सरकारने दोन वर्षे आधी नोटीस दिली होती, तरी शेवटच्या दिवशी पाचशेहून अधिक ग्रेहाउंड तिथेच होते. अल्बानो मार्टिन्स यांच्या ‘अनिमा’ या प्राणिसंस्थेने आणि तिच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्यांना विमानांतून युरोप-अमेरिकेतल्या घरी पोहोचवले. मालकाने दोन वर्षांत काय केले, हे विचारणे या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचे आहे. कक्षा फार अरुंद आखली गेली, हे मान्य.

फ्लोरिडात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ६९ टक्के मतदारांनी शर्यतींविरुद्ध कौल दिला. तेव्हा अमेरिकेतल्या १७ धावपट्ट्यांपैकी ११ त्या एका राज्यात होत्या. २०२० संपेपर्यंत तिथल्या शर्यती थांबल्या आणि काही काळाने भलतीच अडचण उभी राहिली: दत्तक घेणाऱ्यांची रांग लांब आणि कुत्रे कमी. या व्यवसायात इतकी गोड अडचण दुसरी नाही. ब्रिटनमध्ये डॉग्ज ट्रस्ट, आरएसपीसीए आणि ब्लू क्रॉस या मोठ्या प्राणिसंस्थांनी २०२२ मध्ये शर्यती टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मागणी केली. वेल्सच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. इंग्लंडमध्ये मात्र सहा पिंजरे अजून उघडतात, म्हणून सोमवारही येतो.

न्यूझीलंडच्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये शर्यती बंद करण्याचे ठरवले आणि सुमारे २,९०० कुत्र्यांना घरे शोधण्यासाठी २० महिन्यांची मुदत दिली. ऑकलंड-वेलिंग्टनकडच्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्याकडे कुंपण धड आहे आणि सोफ्यावर फारसा जीव नाही, त्यांनी जवळच्या संस्थेत चौकशी करावी. घरात मांजर असल्यास अर्जातच लिहावे.