मुक्काम पोस्ट कॅम्प

पत्रांच्या काळात दापोलीचा पत्ता ‘मु. पो. कॅम्प दापोली’ असा लिहीत. मुक्काम म्हणजेही तळ आणि कॅम्प म्हणजेही तळ. तेव्हा पत्ता झाला मुक्काम पोस्ट मुक्काम. पोस्टमनला त्यात काही वावगं वाटत नसे, पत्रं बिनचूक यायची.

हा कॅम्प इंग्रजांचा. १८१८त पेशवाई बुडाली आणि दक्षिण कोकणासाठी लष्करी ठाणं हवं म्हणून साहेबाने दापोली निवडली. समुद्र जवळ, पण गाव उंचावर, वारा गार. किनाऱ्यावर घामाने निथळलेल्या साहेबाला आणखी काय हवं? १८४०च्या सुमारास नियमित पलटणी हलल्या. मागे म्हाताऱ्या शिपायांची एक पलटण राहिली, तीही १८५७च्या आसपास मोडली. म्हणजे खुंट्या उपटल्याला दीडशेच्या वर वर्षं झाली, तरी कॅम्प काही उठला नाही. शेजारचं मूळ गाव मात्र अजून ‘मौजे दापोली’च आहे. पाहुणा ओसरीवर टेकला आणि घराला त्याचंच नाव लागलं, तशातली गत.

पलटण गेली, पण पेन्शनर राहिले. लष्करातून निवृत्त झालेल्या कितीतरी महार शिपायांनी इथे घरं केली. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवणारे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. सुभेदार रामजी सकपाळही पेन्शन घेऊन काही काळ इथे राहिले, तेव्हा त्यांचा धाकटा भीमराव लहान होता. साहेबाने हा तळ कशासाठी टाकला होता आणि त्यातून काय उगवलं!

तात्पुरत्या म्हणून टाकलेल्या गोष्टी आपल्याकडे जितक्या टिकतात तितक्या कायमच्या म्हणून बांधलेल्याही टिकत नाहीत. पुण्यात ‘कॅम्पात जाऊन येतो’ म्हणणारा माणूस कवायतीला जात नाही, बिस्किटं आणायला जातो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत चार दिवस आसरा दिला. त्याचं उल्हासनगर झालं, आणि तिथे आजही रिक्षावाल्याला ‘कॅम्प चार’ एवढंच सांगावं लागतं. देवळालीचा कॅम्प तर इंग्रजीतच घुसला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे पडलेल्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरत, त्यावरून वेडसराला ‘डूलॅली’ म्हणू लागले. आपल्या नाशिककरांना या निर्यातीचा हवा तेवढा अभिमान दिसत नाही.

मराठीत या कामाला शब्दांची वाण नव्हती. सैन्याचा तळ, पालखीचा मुक्काम, दुष्काळात गुरांची छावणी, कॉलेजच्या पोरांचं श्रमदानाचं शिबिर. पुढाऱ्यांचा तो गोट. ज्याचं त्याला नेमून दिलेलं. कॅम्पने येऊन सगळ्यांना एका तंबूत कोंबलं. मोतीबिंदूचा कॅम्प, आधारचा कॅम्प, रक्तदानाचा कॅम्प. एकदा फलक वाचला : ‘कॅम्प दापोली येथे भव्य रक्तदान कॅम्प’. खालच्या गावातून डोळे तपासायला आलेल्या एक आजी स्टँडवर मुलग्याला विचारत होत्या, ‘‘कॅम्पात तर आलो, आता कॅम्प खंय?’’ मुलगा म्हणाला, ‘‘आये, कॅम्पातला कॅम्प शाळेत हाय.’’ आजींना कळलं. मला घटकाभर वेळ लागला.

त्यातून या शब्दाचे नातेवाईक भलतेच. मूळ लॅटिन ‘कॅम्पस’ म्हणजे मोकळं मैदान. मैदानात लढतो तो चॅम्पियन, मैदान मारायला निघायचं ते कॅम्पेन. दापोलीत कृषी विद्यापीठ १९७२ साली आलं, त्याचा कॅम्पस म्हणजे याच घराण्याची थोरली पाती. एक शाखा तर अगदीच नाटकी. ठरवून भडक, लाडिक, जरा जास्तच रंगवलेलं जे असतं त्यालाही इंग्रजीत ‘कॅम्प’ म्हणतात (हा ‘कॅम्प’ त्याच कुळातला की नुसता आडनावबंधू, यावर पंडितांचं एकमत नाही). सुसान सॉन्टॅग बाईंनी १९६४त त्यावर मोठा निबंध लिहून नाव कमावलं. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं नमन त्यांनी बघायला हवं होतं. गवळणींच्या पुढे येणारी ती मावशी, म्हणजे मिशी काढलेला गावातलाच कुणी बाप्या! पदर दातांत, कमरेला हिसका, आणि कृष्णाला असा काही दम भरते की पहिल्या रांगेतली म्हातारी कोतारी डोळे पुसत हसतात. ते कुठल्या शैलीत बसतं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती त्याचीही टिंगल करील.

हल्ली कर्द्याच्या किनाऱ्यावर रंगीत तंबू दिसतात. मागच्या डिसेंबरात तिथे एक जोडपं तंबूच्या काठीशी झगडत होतं. चौकशी केली तर पुण्याच्या कॅम्पातले निघाले. दापोली कॅम्पाजवळ कॅम्पिंगला आले होते. नारळाखाली बसलेला तंबूवाला बराच वेळ बघत होता. शेवटी उठून म्हणाला, ‘‘वहिनी, पाठीमागे रूमपण आहे आपली. एसी आहे. तंबू नुसता फोटोला लावू.’’

तंबू फोटोला लागला.